पूर्णेचा उतार आणि पाणटिवळ्यांची चोच

नदी किती खोल आहे हे ज्याला कळतं, पण किती मऊ आहे हे कळत नाही, अशा माणसाच्या हाती निशाणं का द्यावीत?

माझ्या हाती दिली होती. अमेरिकेतल्या लढाईमुळे वऱ्हाडच्या कापसाला भाव आला, तेव्हा मी रस्त्यांच्या कामावर कारकून होतो. पावसाळा सरला की पूर्णेचा उतार, म्हणजे गाड्या पार होतील अशी उथळ जागा, शोधून तिथे तांबडी निशाणं रोवायची. दर्यापूरकडचा कापूस तिथून अकोल्याला जाई. मी बांबू टेकवला. पाणी गुडघाभर. निशाणं रोवली.

दुसऱ्या सकाळी पहिली गाडी सखारामची. बैल पाण्यात उतरणार, तोच मासे धरणारी सोनाबाई भोईण ओरडली, "थांब रे! बैल जित्ते गाडतं का?"

"कावून वं? सरकारी निशाण हाय," सखारामने कारण विचारलं.

"बाई, मी पाणी मोजलंय," मी चिडून म्हणालो.

"पानी मोजलं भाऊ, चिखल मोजला का? ते पाखरं पाहा."

निशाणांजवळ हिवाळ्यात येणारे पाणटिवळे चरत होते. लांब चोच पार डोळ्यांपर्यंत चिखलात खुपसत होते.

"चोच अख्खी जाते तिथं बूड नाई. तिकडं वर बारके पाखरं कसे धावून राह्यले, वरच्यावर टिपून राह्यले! तिथं रेती टनक."

कामावर देखरेख करणारे आमचे ओव्हरसियरसाहेब काठावर उभे होते, ते हसले. "आता निशाणं पाखरांना विचारून रोवायची?"

सोनाबाईने माझा बांबू घेतला, निशाणाशी उभा धरला आणि अंगाचा भार टाकला. तो दोन हात खाली गेला. मी नुसता टेकवला होता.

"माह्याकडं ही एकच जोडी हाय, भाऊ," सखाराम बैलाच्या मानेवर हात ठेवून म्हणाला. मला मान वर करवेना.

मी निशाणं उपटून प्रवाहाच्या वरच्या अंगाला, त्या टणक रेतीवर रोवली. गाडी रेतीवर करकरत पलीकडे गेली.

दुपारी रिपोर्ट लिहायला बसलो. ओव्हरसियरसाहेब म्हणाले, "उतार ओव्हरसियरने शोधला, असं लिहा."

"साहेब, सोनाबाईने शोधला."

"मग निशाण चुकीचं कोणी रोवलं, तेही लिहा."

मी माझं नाव लिहिलं. त्याखाली तिचं. साहेबांनी दोन्ही वाचली आणि सही केली.

मला ठपका आला. बैलजोडीच्या मानाने तो फारच स्वस्त पडला. बांबूवर भार टाकल्याशिवाय मोजमाप होत नाही, हे मला कोणत्याच शाळेने शिकवलं नव्हतं. सोनाबाईचे उपकार मी जन्मभर मानीन.

वाचकहो, तुम्हालाही कुणीतरी वाट दाखवली असेल आणि त्याचं नाव कोणत्याच कागदावर नसेल. आज त्याच्याकडे जा, पूर्ण नाव विचारा, आणि लिहा.