७०४२ च्या खाली

नव्वदच्या दशकाच्या शेवटी नाशिकरोडच्या घरी मी हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संभाषणाचा, संच स्वतः बांधला. दीड वर्ष लागलं. वापरायला लागून आठवडा झाला नाही तोच देवळाली कॅम्पातल्या एका जुन्या हॅमचा फोन आला; सगळे त्यांना काका म्हणत. काका फौजेतून निवृत्त झालेले. रोज सकाळी ७०४० किलोहर्ट्झवर मोर्सच्या टिकटिकीत गप्पा मारत. तुमचा आवाज माझ्या डोक्यावर बसतो, संच ठरल्यापेक्षा जास्त जागेत पसरतोय, उघडा आणि पुन्हा बांधा, असं त्यांनी सरळ सांगितलं.

मी ७०४२ वर बोलत होतो. माझ्या संचातला फिल्टर आवाजाचा ३०० ते २७०० हर्ट्झ एवढाच भाग सोडतो, म्हणजे रुंदी २.४ किलोहर्ट्झ. घरच्या रेडिओच्या सवयीने तबकडीवरचा आकडा मध्ये धरून मी दोन्हीकडे १.२ मोजले होते. खालची हद्द ७०४०.८, काकांच्या ७०४० च्या बाहेर. तरीही ते मला ऐकत होते, म्हणजे दीड वर्ष पाण्यात.

पण मोजल्याशिवाय उघडायचं नाही, असं ठरवलं. रविवारी सकाळी मी मायक्रोफोनवर एक-दोन-तीन म्हणत राहिलो आणि काका आपल्या रिसीव्हरची तबकडी कणाकणाने फिरवत गेले. मायक्रोफोन चालू, म्हणून पत्नी फोन कानाला लावून त्यांचं म्हणणं मुलीच्या पाटीवर लिहून दाखवत होती.

‘४२ च्या वर काही नाही.’

हे कसं शक्य होतं? वर १.२ तरी हवंच होतं. तिने पाटी पुसली. ‘४१.७ ला सुरू.’ मग बराच वेळ खडू हलेना. शेवटी, ‘३९.३ ला बंद.’

वजाबाकी केली आणि मी उभाच राहिलो. बरोबर २.४! माझ्यासारख्या सिंगल साइडबँड संचात आकड्याच्या वर आणि खाली उमटणाऱ्या आवाजाच्या दोन जुळ्या बाजूंपैकी एकच पाठवतात, आणि या पट्ट्यात खालची पाठवायची रीत आहे. परवान्याच्या परीक्षेसाठी मी हे पाठ केलं होतं. पण तबकडीचा आकडा मधला नसून वरचा काठ आहे, आवाज सगळा त्याच्या खाली, ०.३ पासून २.७ पर्यंत लोंबतो, हे आज दिसलं. काका त्या लोंबत्या भागाच्या बरोबर आत होते.

मायक्रोफोन बंद केला.

“अहो, काका विचारताहेत, कधी उघडताय?”

“सांग, संच चोख आहे. मीच चुकीच्या जागी बसलोय.”

तिने सांगितलं, ऐकलं आणि हसू दाबत म्हणाली, “मग उठा म्हणताहेत तिथून.”

मी ७०४५ वर गेलो. खालचा काठ ७०४२.३. दुसऱ्या दिवशी सकाळी मनसोक्त बोललो. मध्येच ७०४० वर डोकावलो, तर काकांची टिकटिक निवांत चालली होती. फोन वाजला नाही.