नात्याचे पुरावे गोळा करायला: वरकुटे, पिंपळी आणि तीन दिवस

मंगळवार, १३ जानेवारी २०२६, सकाळी अकरा वाजून अठरा मिनिटं. या मिनिटाला एका विमान कंपनीने मला ईमेल धाडला. आमच्या कुटुंबाचं पॉइंट्सचं खातं ‘फसवणुकीच्या संशयावरून’ गोठवलं आहे आणि त्यातून काढलेलं सुमनचं मस्कतचं तिकीट रद्द केलं आहे. सुमन माझी भावजय. तिची मुलगी स्नेहल मस्कतला असते, मार्चच्या पहिल्या आठवड्यात बाळंत होणार आहे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला प्रवासाला मनाई केली, म्हणून आईने तिकडे जायचं ठरलं.

या कंपनीत एका कुटुंबातल्या आठ जणांना प्रवासाचे पॉइंट्स एका खात्यात साठवता येतात. आमचं खातं माझ्या नावावर आहे. मी फोन लावला.

“मॅडम, आठही मेंबरचा नात्याचा पुरावा अपलोड करा.”

“सुमनचा नवरा माझा सख्खा भाऊ आहे, हे मी सांगतेय ना?”

“पुरावा लागेल मॅडम. आणखी काही मदत करू शकतो का?”

आधी कुठली केली होती? सदुसष्ट वर्षांत मला कोणी फसवी म्हटलं नव्हतं. कुटुंबाचे कागद कुटुंबाच्या गावी असतात, म्हणून शुक्रवारी सकाळी सातला स्वारगेट गाठलं.

तुम्ही या बाजूला जाणार असाल तर इंदापूरची साधी एसटी घ्या. बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि बाई असल्याचा पुरावा कंडक्टरने मागितला नाही. डाव्या खिडकीशी बसा. भिगवणच्या पुढे धरणाचं पाणी मधूनमधून दिसतं. स्वतःची गाडी असेल तर भिगवणला थांबून धरणातली तळलेली चिलापी मासळी जरूर खा. मला एसटीतून नुसता वास मिळाला आणि राग आणखी वाढला. उपाशीपोटी चिडू नये, म्हणून इंदापूर स्टँडवर मिसळ खाल्ली. तर्री झणझणीत, पाव शिळा.

तिथे तात्या, माझा धाकटा भाऊ, डाळिंबाचे क्रेट वाहायची पिकअप घेऊन आला होता. वरकुट्यापर्यंत, म्हणजे आमच्या गावापर्यंत, मी बोलत होते आणि तो समोरच्या उसाच्या ट्रॉल्या मोजत होता. या दिवसांत इथे गाडी चालवणाऱ्यांनी अंधाराच्या आत मुक्कामाला पोचावं. ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो आणि ऊस दोन्ही बाजूंनी रस्त्यावर आलेला असतो.

सुमनने बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा वाढला. कोपऱ्यात तिची नवी कोरी बॅग उघडी होती. डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, सुती दुपटी. नवा पासपोर्ट तिने देवाच्या फोटोमागे ठेवला होता.

“वन्सं, मला इमानाचं कवतिक न्हाय,” ती म्हणाली. “पर पोर तितं एकटी हाय. जावयाला भाताचं पाणी किती टाकायचं ते बी ठावं न्हाय.”

जेवून मी पत्र्याची पेटी उघडली. रेशनकार्ड, शाळेचे दाखले, लग्नपत्रिका. मी, माझा मुलगा, तात्या, सुमन, स्नेहल: पाच नावं जुळली. धाकटी बहीण लता आणि तिचा नवरा यांचे कागद तिच्या सासरी, पिंपळीला होते. आठवं नाव राहिलं. प्रकाश. आडनाव आमचंच, नात्यापुढे लिहिलेलं ‘भाऊ’.

“तात्या, हा प्रकाश आपला कोण?”

“बाबूआबाचा थोरला. बोटीवर इंजिनेर हाय. बोट धरायला सारखं इमान लागतंय त्याला.”

“पण आपला कोण?”

“इहिरीतला भाऊ की!”

शेजारच्या बाबूआबांची आणि तात्याची विहीर एक, मोटार एक. आठ दिवस पाणी याचं, आठ दिवस त्याचं. विजेचं बिल आबांच्या नावावर येतं आणि दोघांचा ऊस तात्याच्या सभासदत्वावर कारखान्याला जातो. तात्याने फॉर्म भरला तेव्हा ‘कुटुंबातील व्यक्ती’ म्हणजे त्याला हेच सुचलं. मी पुण्यातून फक्त ओटीपी सांगितला. नाव वाचलं, भावकीतला कोणी असेल असं धरून चालले. सही करण्याआधी वाचावं, हे मला शाळेत नन्सनी पट्टीने शिकवलं होतं.

“अरे, याला नातं म्हणत नाहीत!” मी ओरडले.

“मंग काय म्हंत्यात?” दारातून बाबूआबा आत आले. ऐंशीच्या घरातले, आवाज विहिरीइतका खोल. “अक्के, तुझ्या सख्ख्या चुलत्यानं बांध कोरला. मी कदी पान्याची पाळी चोरली व्हय?”

“आबा, मला पटतंय. कंपनीला कसं पटवू?”

“पटवू नगंस. परक्याचं नाव काढ म्हनावं. प्रकाशला मी सांगतो. सुनंचं तिकीट आडवू नका.”

परका हा शब्द त्यांनी स्वतःसाठी वापरला. सुमन उठून चहा टाकायला आत गेली.

शनिवारी तात्याने पिंपळीला सोडलं. वरकुट्याहून दोन तास धरा. लताच्या शेडनेटमध्ये ढोबळी मिरची लागली होती, लाल आणि पिवळी. पाहण्यासारखी आहे, पण चपला बाहेर काढायला लावतात. लताने कागद एका फाइलमध्ये लावून ठेवले होते, दोन दोन प्रती.

“ताई, नवरा माझाच आहे याचा पुरावा तीस वर्षं घोरतोय,” ती म्हणाली. “त्याचं रेकॉर्डिंग पाठवू का त्यांना?”

बारामतीत झेरॉक्स केल्या. रविवारी तिथूनच पुण्याची विनाथांबा एसटी मिळाली. दर थोड्या वेळाने असते, रिझर्वेशनची गरज नाही.

घरी येऊन आधी हिशेब तपासला. प्रकाशचे सगळे पॉइंट्स वजा केले तरी उरलेल्या सात जणांचे सुमनच्या तिकिटाला पुरतात. कंपनीलाही हे दोन मिनिटांत दिसलं असतं. पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही. या प्रवासातलं माझ्याकडे काय राहिलं म्हणाल, तर ना धरणाचं पाणी, ना मिरच्यांचे रंग. एका म्हाताऱ्या माणसाने साध्या आवाजात स्वतःला परका म्हणवून घेतलं, ते राहिलं. तेही एका फॉर्मपायी.

तेव्हा कंपनीने वाचावं. प्रकाशला भाऊ लिहिणं ही तुमच्या नियमात चूक आहे. ती आमची आहे, मी कबूल करते. त्याचं नाव आणि त्याचे पॉइंट्स काढून टाका, हरकत नाही. पण ही फसवणूक नव्हती. त्याने आपले पॉइंट्स स्वखुशीने दिले होते, आणि तुमच्या यादीत विहिरीच्या भावासाठी रकाना नव्हता. एकासाठी आठांना गोठवणं आणि बाळंतिणीच्या आईचं तिकीट न विचारता रद्द करणं, ही चूक तुमची आहे. सात जणांचे कागद आज अपलोड केले आहेत. सुमनचं तिकीट त्याच तारखेचं परत हवं आणि ‘फसवणूक’ हा शब्द मागे घेतल्याचं पत्र हवं. फोन करू नका. लेखी उत्तर, सहीनिशी, शुक्रवार, ३० जानेवारी, संध्याकाळी पाचच्या आत. आणि पत्राची एक प्रत वरकुट्याला बाबूआबांच्या नावे पाठवा, मराठीत.