जास्वंदीची कुंडी

श्रीरामपूरच्या आमच्या कॉलनीत एक म्हातारबाबा रोज सकाळी फिरायला येतात. त्यांचं नाव मला ठाऊक नाही, पण त्यांचा पाय चांगला ओळखीचा आहे. कॉलनीच्या मधोमध मुलांना खेळायला मोकळी जागा सोडली आहे, तिच्या कडेकडेने बाबा चालतात. कुणाची कुंडी, कुणाची फरशी त्या जागेत जराशी सरकलेली दिसली की धोतर सावरून पायाने ती मागे ढकलतात आणि गुणगुणत पुढे जातात.

परवा आमच्या जास्वंदीची पाळी आली. मी तरातरा फाटकाशी गेले.

“बाबा, साधी कुंडी आहे हो! कुंडीने किती जागा खाल्ली?”

“आज कुंडी, दिवाळीला कट्टा, फुडल्या वर्साला पत्र्याचं शेड,” ते हसत म्हणाले. “ताई, म्या भावकीचा बांध असाच कोरला. दर नांगरटीला वीतभर. मला नका शिकवू.”

मला हसूच फुटलं. इतक्या अनुभवी माणसाशी काय वाद घालणार?

“पण ही जागा तुमची का?”

“हितं समदा माझा ऊस हुता. रान प्लॉट पाडून इकलं. ह्यो येवढाच तुकडा सरकारी नियमानं इकता आला न्हाई.” ते गवताकडे बघत राहिले. “म्हनून तर ऱ्हायला.”

मी कुंडी आत ओढली. बाबांनी वाकून पाहिलं, आणि पायाने आणखी दोन बोटं आत ढकलली.