अंदाजपत्रक वाचायला शिकवणाऱ्या तळपदेबाई

श्रीमती सुलभा तळपदे यांची आणि माझी पहिली भेट गिरगावातल्या एका धर्मादाय रुग्णालयात झाली. वडिलांची बायपास ठरली होती. खर्चाचे अंदाजपत्रक हातात घेऊन मी बाकावर बसलो होतो. परळच्या पालिका रुग्णालयातून समाजसेवा अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या बाई कुणा दुसऱ्या रुग्णाच्या कामासाठी तिथे आल्या होत्या. शेजारी बसत त्या म्हणाल्या, "कागद उलटा धरलायस. आकडा तरी कमी दिसतोय का तसा?"

तो आकडा पाहून वडिलांनी लालबागची आमची खोली विकायचे ठरवले होते. बाईंनी विचारले, "राखीव खाट का नाही मागितलीस?"

धर्मादाय रुग्णालयांना सरकारकडून सवलती मिळतात आणि त्या बदल्यात काही खाटा गरिबांसाठी राखाव्या लागतात, हे मला ठाऊक होते. तरीही मी अर्जात आमचे उत्पन्न फुगवून लिहिले होते आणि वडिलांसाठी निमखासगी खोली घेतली होती. चांगल्या घरचे वाटलो तर डॉक्टर नीट बघतील, असे मला वाटले होते. मी ते बाईंना सांगून टाकले.

बाई रागावल्या नाहीत. "आमच्याकडेही माणसं कडक इस्त्री करून सवलतीचा अर्ज भरायला यायची," त्या म्हणाल्या. "ऊठ. वर जाऊ. पण काय लिहिलंस ते तू सांगायचंस, मी नाही."

अधीक्षकांसमोर मी आधी वडिलांच्या तब्येतीबद्दलच बोलत राहिलो. बाई शेजारी उभ्या होत्या, पण मधे पडल्या नाहीत. शेवटी मी उत्पन्न फुगवून लिहिल्याचे सांगितले. अधीक्षक म्हणाले, "परवा संध्याकाळपर्यंत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणा. तोवर खाट धरून ठेवतो." दोन्ही दिवस बाई माझ्याबरोबर तहसील कार्यालयाच्या रांगेत उभ्या राहिल्या. दाखला वेळेत मिळाला. वडील जनरल वॉर्डात आले. शस्त्रक्रिया आधी ठरलेल्या सर्जनांनीच केली. खोली विकावी लागली नाही.

माझे शिक्षण बारावीलाच सुटले. तरी बाईंनी मला शिवाजी पार्कजवळच्या त्यांच्या मोफत सल्ला केंद्रात अर्ज लिहायला बसवले. मी प्रत्येक अर्ज तीनदा तपासतो. बाई म्हणतात, "दोनदा पुरे रे, पेशंट ताटकळलाय."

एकदा वरळी कोळीवाड्यातल्या एक मावशी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचे अंदाजपत्रक घेऊन आल्या. "सरकारनं सांधा स्वस्त केला म्हनतान, मंग माजा बिल का नाय उतरला गो बाय?" बाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला. कृत्रिम सांध्याची किंमत सरकारी मर्यादेतच होती. पण खाली 'इतर साहित्य' ही ओळ सांध्याहून मोठी होती. "सरकारने एका वस्तूचा भाव बांधला, की न बांधलेल्या ओळींकडे आधी बघायचं," बाई म्हणाल्या. त्यांनी त्या साहित्याची यादी मागवली. यादी येण्याऐवजी नवे अंदाजपत्रक आले, बरेच कमी रकमेचे.

तरीही त्यांनी रुग्णालयांना कधी शत्रू मानले नाही. दादरच्या एका लहान रुग्णालयाने सरकारी योजनेतले रुग्ण घेणे थांबवले, तेव्हा आम्ही भांडायला गेलो. तिथले हिशेबनीस म्हणाले, "मॅडम, योजनेचे पैसे महिनोन्‌महिने येत नाहीत. सिस्टरांचे पगार कशातून करू?" बाईंनी माझ्याकडून त्याच दिवशी पत्र लिहून घेतले, ते रुग्णालयाची थकलेली रक्कम द्या म्हणून सरकारी कार्यालयाला. मी चकित झालो. त्या म्हणाल्या, "सरकारने दर ठरवला ना? मग तो वेळेवर द्यायलाही हवा. नाहीतर तो दर कागदावरच स्वस्त."

बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहिलेला हा लेख मी वडिलांना वाचून दाखवला. "खोटं उत्पन्न लिहिलंस तेही छापणार?" त्यांनी विचारले. मी हो म्हणालो. ते म्हणाले, "छाप. कुणीतरी लाजत असेल, त्याच्या कामाला येईल. आणि बाईंना पंचाहत्तरीचं जेवण आपल्याकडे."

बाईंनी आमंत्रण स्वीकारले आहे. आमची खोली चौथ्या मजल्यावर आहे आणि चाळीला लिफ्ट नाही. पुढची पंचवीस वर्षे बाईंनी हे चारही मजले स्वतःच्या पायांनी, दम न लागता चढावेत. दार उघडायला वडील आहेतच.