गाऱ्हाण्याला ओ

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. वडील डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायचे, आई इकडे पेडण्यात वायंगणाची, पावसाळ्यानंतरच्या भाताची, शेती बघायची, आणि मी बी.ए. होऊन एका मराठी दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवायला लागले. बातमीवर माझं नाव येत नाही, नुसतं 'प्रतिनिधी' येतं. तरी प्रतिनिधी कोण हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं.

आमच्याकडे जत्रेच्या सकाळी देवळापुढे गाऱ्हाणं घालतात, म्हणजे एकाने गावाच्या वतीने देवाकडे मागायचं आणि गावाने 'व्हय' म्हणायचं. तो मान माझ्या थोरल्या काकांचा. त्या वर्षी देवळामागच्या ओढ्याचं, व्हाळाचं, पाणी आमच्या शेतांत येईनासं झालं होतं. वरच्या अंगाला एका प्लॉटला दगडी कुंपण पडलं आणि व्हाळ भलतीकडेच वळला. प्लॉट कुणाचा, हे कुणी कुणाला विचारत नव्हतं. काकांनी रोगराई, इडापिडा, गुरंढोरं सगळं सांगून झाल्यावर आवाज चढवला, "आणि ज्या कोणी देवळाफाटल्या व्हाळाची वाट फिरवल्यान, तेका बरी बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला.

मी ते वाक्य जसंच्या तसं बातमीत घातलं. आमच्या भागातले एक निवडून येणारे पुढारी त्या दिवशी पणजीत होते. त्यांनी ते पेपरात वाचलं, आणि थोड्याच दिवसांत अब्रुनुकसानीची नोटीस आली, पेपरला आणि मला. सदर वाक्य आमच्या अशिलास उद्देशून आहे, माफी छापा, नाहीतर फौजदारी.

पेपरातून संपादकांचा फोन आला. "अगो, दोन ओळी दे. गाऱ्हाणं ऐकण्यात चूक झाली म्हणून. विषय संपला."

"चूक झालेली नाही, सर."

"मग कोर्टात जा. पण आमच्या बातम्या मात्र दुसरा कोणीतरी पाठवील."

म्हणजे माफी दिली तर गावापुढे मी खोटी, नाही दिली तर हातचं काम गेलं. आईने तर डोक्यालाच हात लावला. "कोर्टाची पायरी चढूक शिकलंस गो तू?" काका सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "माझां गाराणां देवाकडे. तो मधीच कित्याक ओ दिता?"

हे ऐकून अंगणातली माणसं हसली. कुणीतरी 'चोराच्या मनात चांदणं' असंही म्हटलं.

मी डिचोलीला वडिलांच्या ओळखीच्या वकीलबाईंकडे गेले. त्यांनी नोटीस वाचली आणि आधी मलाच जमिनीवर आणलं. "नाव घेतलं नाही म्हणून सुटलो, असं समजू नकोस. वाचणाऱ्याला माणूस ओळखता आला तरी खटला होतो. आणि देवळात बोललेलं छापायला सूट आहे, असंही कायदा म्हणत नाही."

"मग?"

"मग त्यांना साक्षीदार आणावे लागतील, आम्ही वाचलं आणि आम्हांला हेच पुढारी आठवले असं सांगणारे. त्यावर मी एकच विचारणार, हेच का आठवले?"

मी त्यांना काकांचं बोलणं सांगितलं. त्या मोठ्याने हसल्या. चांदण्याची म्हण तेवढी उत्तरात घालू द्यायला तयार झाल्या नाहीत. "चोर हा शब्द आपल्या कागदावर नको."

उत्तर लहानच गेलं. बातमीत गाऱ्हाण्याचे शब्द आहेत तसे आहेत. व्हाळाची वाट आपल्या अशिलाने फिरवली असं आम्ही म्हटलेलं नाही. आपलं तसं म्हणणं असल्यास लेखी कळवावं.

ते काही कळवलं गेलं नाही. संपादकांनी माफीचा विषय पुन्हा काढला नाही, मीही काढला नाही. बातम्या जात राहिल्या.

पुढच्या जत्रेला निवडणूक जवळ आलेली. पुढारी पहिल्या रांगेत, हात जोडून. काकांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. इडापिडा, रोगराई, आणि मग तेच वाक्य, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

गाव क्षणभर थांबला. सगळ्यांचे डोळे पहिल्या रांगेकडे. देवापुढे, एवढ्या मतांसमोर, माणूस गप्प तरी कसा राहणार?

"व्हय म्हाराजा," ते म्हणाले. मग गाव म्हणाला.

व्हाळ अजून वळलेलाच आहे. मी बातमीत गाऱ्हाण्याचं वाक्य दिलं आणि खाली लिहिलं, 'याला उपस्थित सर्वांनी होकार दिला.' आणि उपस्थितांची नावं दिली, मानाप्रमाणे, पुढाऱ्यांचं पहिलं. या वेळी नोटीस आली नाही.