खाडीच्या मिठाची भाकरी

तांदळाच्या उकडीचा वास आला, की मला खाडीकाठचं आमचं छोटं चर्च आठवतं. मी नवी सून होते. मामंजी मिठागरावर सरकारी शिपाई, तर धाकटे दीर इंग्रजांचा मिठाचा कायदा मोडून खाडीतलं मीठ गोळा करणारे. मामंजी म्हणत, राज्यकर्ते देवानंच नेमलेत. दीर म्हणत, मग बायबलातल्या यरीहो शहराचा तट कुणी पाडला, देवानंच ना? शेवटी बाप-लेकांचं बोलणंच थांबलं. एका रविवारी मुंबईची बोट आली नाही, पाव नव्हता, म्हणून चर्चमध्ये सगळ्यांनी वाटून खायच्या प्रभुभोजनासाठी मी भाकरी केली. घरात दिरांनी आणलेलंच मीठ होतं, तेच उकडीत घातलं. पाळकांनी बायबलातली इस्राएल लोकांची गोष्ट सांगितली, की ते आपल्याच भाऊबंदांशी लढले, जिंकले आणि मग देवापुढे बसून रडले. मामंजींनी तुकडा तोंडात घातला, तर दाताखाली खाडीची रेती कचकचली. “मीठ कुठलं गो, सूनबाई?” मी तोंड उघडायच्या आत दिरांनीच दोन्ही हात पुढे केले, “माझं हाय. धरा.” मामंजींनी घास गिळला आणि उरलेला तुकडा लेकाच्या तळहातावर ठेवला. “उद्या धरीन,” ते म्हणाले, “आज जेव.” दोघांची मतं शेवटपर्यंत जुळली नाहीत. पण आता माझे मुलगे राजकारणावरून हमरीतुमरीवर आले, की मी भाकरीचा तवा चढवते.