कणसांच्या सणाची बातमी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरात नाही, ऑफिसात तर नाहीच. दुसऱ्यांच्या चुका छापण्यात हयात गेली – स्वतःची एक तेवढी राहिली.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी आंबेगाव तालुक्याचा वार्ताहर होतो. लोणीकडच्या एका वस्तीवर मिशनऱ्यांनी बांधलेलं जुनं दगडी चर्च आहे. तिथल्या मोजक्या कॅथलिक घरांचे बाप्तिस्मे, लग्नं, मयती सगळं तिथंच. पुण्या-मुंबईला गेलेली मंडळीही सप्टेंबरात मारियामाउलीच्या सणाला परत येत. बाजरीची पहिली कणसं वेदीपुढे ठेवायची, फादरांनी त्यांवर पाणी शिंपडायचं, मग ती घराच्या चौकटीला बांधायची. शेजारची हिंदू घरंही कणसं आणत. किती पिढ्या? कुणी विचारत नव्हतं.

त्या वर्षी या हिंदू घरांतला भिवा मेंढपाळ रांगेत होता. चर्चची देखरेख करणारा मार्टिन त्याला म्हणाला, "भिवा, औंदा कणसं लईच बारीक. माउलीला दाखवायला लाज न्हाई वाटत?"

"बारीक हाईत म्हणून तर पाया लांबनं पडतोय, राव."

दोघं हसले. भिवानं वेदीपुढे डोकं टेकवलं, तेव्हा मी कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

सणाची बातमी म्हणजे आतल्या पानावर चार ओळी. मला ते ठाऊक होतं. आणि मी – कसं सांगू? – शेवटी एक वाक्य जोडलं. 'या वेळी काही कुटुंबांचे धर्मांतर झाल्याची परिसरात चर्चा आहे.' परिसरात कुणी तसं बोलत नव्हतं. बोलणारा मी एकटाच होतो. बातमीचं पाकीट एसटीनं पुण्याच्या ऑफिसला गेलं. बातमी पहिल्या पानावर आली, भिवाच्या फोटोसकट.

भिवाच्या मुलीची, सगुणाची, सुपारी फुटली होती. आठवड्याच्या आत पावण्यांनी निरोप धाडला – सोयरीक मोडली.

भिवा माझ्याकडे आला. कात्रण प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलं होतं. "भाऊ, आमी तसलं काय केलं न्हाई. तेवढं लिवा. पावणं वाचत्याल."

चार ओळींचा खुलासा. लिहायला किती वेळ लागतो? पण ऑफिस विचारणार – चर्चा ऐकली कुणाकडून? मी भिवाला सांगितलं, ते वाक्य पुण्यात घातलं, माझ्या हातात काही नव्हतं.

त्याचा विश्वास बसला. मार्टिन जाब विचारायला आला, तेव्हा भिवानंच त्याला अडवलं. "ह्यांचा काय दोष न्हाई, मार्टिन. वरच्यांनी केलंय."

पुढच्या सणाला हिंदू घरांतलं कुणी आलं नाही. भिवा कुंपणाबाहेर उभा होता, रिकाम्या हातानं. मार्टिननं त्याला पाहिलं, पण आत बोलावलं नाही. बोलावलं असतं, तर भिवाच्या धाकट्या मुलीचंही लग्न अडलं असतं – दोघांनाही ते कळत होतं. मी कॅमेरा घेऊन आलो, तसा भिवा बाजूला सरकला, मला चर्च नीट दिसावं म्हणून.

मी फोटो काढला. खुलासा तेव्हा लिहिला नाही, नंतरही नाही. भिवा आता नाही. त्याच्या घरचे आजही पुण्याच्या ऑफिसालाच दोष देतात.